शेव्हरोले ३१०० पिकअप: आधी कॅब बघा, इंजिन नंतर

प्रश्न असा आहे: अमेरिकेत राहून १९४७ ते १९५५ मधला शेव्हरोलेचा अर्ध्या टनाचा जुना पिकअप घ्यायचा विचार आहे. संग्राहकांना याच गाडीचं एवढं आकर्षण का, कोणतं साल घ्यावं आणि पैसे मोजण्याआधी काय तपासावं?

निकाल आधीच सांगतो. हा ट्रक कॅब बघून घ्यायचा. इंजिन बंद पडलेलं असू दे, सीट फाटलेली असू दे, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असू दे, यातलं सगळं दुरुस्त होतं आणि सुटे भाग आजही सहज मिळतात. कॅबचा पत्रा खालून सडलेला असेल तर मात्र बाकी सगळं चकचकीत असूनही गाडी महागात पडते. लोक नेमकं उलटं करतात. इंजिन पहिल्या सेल्फला चालू झालं की खूश होतात आणि कॅबच्या मागच्या कोपऱ्याखाली हातसुद्धा घालत नाहीत.

आकर्षण कुठून येतं ते समजलं की तपासणी कशाची करायची तेही समजतं. जनरल मोटर्सने ही ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ मालिका १९४७ च्या उन्हाळ्यात बाजारात आणली. महायुद्धानंतर कंपनीने पूर्णपणे नव्याने आखलेली ही पहिली गाडी होती. म्हणजे नव्या मोटारींच्या आधी नवा ट्रक आला. तेव्हा कंपनीचा डिझाइन विभाग हार्ले अर्ल यांच्या हाताखाली होता. ट्रक चालवणाऱ्यांची मागणी सरळ होती: कॅबमध्ये जागा हवी आणि बाहेरचं नीट दिसायला हवं. त्यातून तिघांना बसता येईल अशी रुंद कॅब आली, मोठ्या काचा आल्या आणि जादा पैसे मोजल्यास कॅबच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत वळणदार काचा मिळू लागल्या. बाजारात हिला ‘फाइव्ह विंडो’ म्हणतात. ताजी हवा आत घेऊन काचेवर आणि पायांशी सोडणाऱ्या हीटरची जाहिरात ‘श्वास घेणारी कॅब’ अशी केली जायची.

अर्ध्या टनाच्या मॉडेलला ३१०० हा क्रमांक आहे. चाकांमधलं अंतर ११६ इंच, हौदा ७८ इंच लांब आणि ५० इंच रुंद. पाऊण टनाचा ३६०० आणि एक टनाचा ३८०० यांचा चेसिस लांब असतो. संग्राहकांना हवा असतो तो ३१००, आणि त्याचं कारण त्याच्या प्रमाणबद्धतेत आहे. अरुंद हौदा, त्याच्या दोन्ही बाजूंना फुगीर मडगार्ड, समोरच्या मडगार्डाची उतरत पायदानाला मिळणारी रेषा आणि पाच आडव्या पट्ट्यांची जाळी. संपूर्ण गाडीवर सपाट म्हणावा असा पत्रा जवळजवळ नाहीच. बोनेट, छप्पर, दाराची कातडी, सगळ्यांना हलका फुगवटा आहे. तो दिसायला छान आहेच, पण त्यामुळे पत्र्याला ताठपणाही येतो. पुढे २००३ मध्ये शेव्हरोलेने एसएसआर हा पिकअप काढला तेव्हा याच मालिकेच्या रेषा समोर ठेवल्या होत्या. नंतरच्या एचएचआर या शेव्हरोले मोटारीचं मूळही याच काळातल्या सबर्बन या बंद, लांब गाडीत आहे.

हा फुगवटा ओळखायला डोळा तयार करा. लांब ट्यूबलाइटखाली किंवा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात मडगार्डावरची उजेडाची रेघ बघा. मूळ पत्र्यावर ती एका दमात वाहत जाते. पुट्टीने उभारलेल्या किंवा स्वस्त नकली मडगार्डावर ती मध्येच मोडते, थांबते, जाड-बारीक होते. नकली मडगार्ड वाईटच असतो असं नाही, पण मूळ मडगार्ड ठोकून सरळ होत असेल तर तोच ठेवावा. थोडा जास्त वेळ लागतो, पण गाडीचा चेहरा टिकतो.

आता साल. १९४७ आणि १९४८ च्या गाड्यांत पेट्रोलची टाकी हौद्याखाली असते. १९४९ पासून ती कॅबमध्ये, सीटच्या मागे उभी बसवली, आणि बोनेटच्या बाजूवर ३१०० हा आकडा दिसू लागला. १९५० मध्ये जुन्या लिव्हर पद्धतीच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरऐवजी नळीसारखे आले. १९५१ हे साल महत्त्वाचं, कारण हक कंपनीच्या पद्धतीचे ब्रेक जाऊन बेंडिक्स कंपनीचे आले आणि दारांना त्रिकोणी हवेच्या काचा मिळाल्या. त्याच वर्षी कोरियन युद्धामुळे क्रोमची टंचाई झाली, म्हणून वर्षाच्या उत्तरार्धापासून जाळी रंगवलेली येऊ लागली. १९५२ मध्ये दाराच्या मुठी बटणाच्या झाल्या. १९५४ मध्ये चेहरा बदलला: जाळी जाड आणि जड झाली, समोरची काच एकसंध वक्र झाली, हौद्याच्या कडा आडव्या झाल्या आणि इंजिन मोठं झालं. १९५५ च्या सुरुवातीला हीच गाडी थोडे महिने चालली. मार्च १९५५ मध्ये व्ही-८ इंजिनाची आणि १२ व्होल्टची नवी मालिका आली.

माझं मत स्पष्ट आहे. चालवायला आणि ठेवायला १९५१ ते १९५३ ही सालं सगळ्यांत चांगली: जुना चेहरा, बरे ब्रेक, हवेच्या काचा. १९५१ च्या सुरुवातीची, क्रोम जाळी असलेली फाइव्ह विंडो मिळाली तर उत्तमच. १९५४ चं इंजिन सरस आहे, पण त्याची वक्र काच फुटली तर खास तीच शोधावी लागते. १९५३ पर्यंतच्या दोन तुकड्यांच्या काचा सपाट असल्यामुळे कुठलाही काचवाला लॅमिनेटेड काचेतून कापून देतो.

फाइव्ह विंडोला जास्त किंमत येते, म्हणून साध्या कॅबचा मागचा भाग कापून तिथे कोपऱ्याच्या खिडक्यांचा पत्रा जोडलेला आढळतो. आतलं अस्तर थोडं बाजूला करा आणि खिडकीच्या वर-खाली बोट फिरवा. कारखान्याचे ठिपक्यांचे वेल्ड एकसारख्या अंतरावर असतात. सलग घासलेली वेल्डची रेघ लागली तर जोडकाम झालं आहे. काम नीट केलेलं असेल तर गाडी टाकाऊ ठरत नाही, पण मूळ फाइव्ह विंडोचा भाव देऊ नका.

कॅबची तपासणी खालून वर करा. सगळ्यांत आधी मागचे खालचे कोपरे. तिथे पत्रा दुहेरी आहे. बाहेरची कातडी आणि आतला आधार यांच्यामध्ये धूळ साचते, ती ओली राहते आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरून रंगाला बारीक फोड दिसतो तेव्हा आतलं बरंचसं गेलेलं असतं. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक कोपऱ्यावरून हळूहळू खाली आणा. पकड सुटली तिथे जाड पुट्टी आहे. खालून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका: खणखणीत आवाज आला तर पत्रा, बद्द आला तर पुट्टी किंवा फायबर. मग दाराखालची पायरी, पुढच्या खांबाचा तळ, पायाशी असलेला फरशीचा पत्रा आणि छपराची पन्हळ. काचेसमोरच्या हवेच्या झडपेखाली पाला साचून पाण्याची वाट तुंबलेली असेल तर पुढच्या खांबाचा तळ हमखास सडलेला सापडतो. टाकी सीटमागे असलेल्या गाडीत टाकीखालची फरशीही बघा. पेट्रोलचा वास येत असेल तर बहुधा वरच्या तरंगत्या मापकाचं गॅस्केट सुकलेलं असतं. नवा मापक घेताना तो ० ते ३० ओहमचाच घ्या, नाहीतर काटा खोटं सांगतो.

यानंतर एक चाचणी, जी फार कमी लोक करतात. कॅब मागच्या बाजूने हलत्या दुव्यांवर टेकलेली असते, म्हणजे खडबडीत रस्त्यावर चेसिस पिळली तरी पीळ कॅबपर्यंत पोहोचू नये. हे दुवे गंजून जाम झाले की प्रत्येक खड्ड्याचा पीळ दाराच्या खांबात जातो आणि पत्र्याला चिरा पडतात. समोरचं एक चाक ४ इंच जाडीच्या लाकडी ठोकळ्यावर चढवा आणि दोन्ही दारं उघडून-लावून बघा. सपाट जमिनीवर अलगद लागणारं दार आता घासू लागलं तर दुवे जाम आहेत किंवा खांबाचा तळ सुटला आहे. दुव्यांचा रबर-बुशचा संच स्वस्त असतो. खांबाचं काम तसं नसतं.

पत्रा बदलायचाच असेल तर क्रम पाळा. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी आधार वेल्ड करून घ्या. एका वेळी एकच बाजू. आधी फरशी आणि पायरी, कोपरा सगळ्यांत शेवटी. दार बिजागरीवर चढवून फट बघूनच तुकडा टाचा. सगळीकडे साधारण ५ मिलिमीटर फट आली तर पुढे जा. ०.६ मिलिमीटरच्या वेल्डिंगच्या तारेने दर २५ मिलिमीटरवर टाचा, लागोपाठ नव्हे तर इकडून तिकडे उड्या मारत, आणि मध्ये पत्रा थंड होऊ द्या. सलग वेल्ड ओढला की पत्रा आंबा सुकल्यासारखा आकसतो आणि तो फुगवटा परत आणायला दुप्पट पुट्टी लागते. पुट्टी ३ मिलिमीटरच्या वर गेली की पुढे कधीतरी तडा जातो.

इंजिनाबद्दल गैरसमज फार आहेत, म्हणून थोडं सविस्तर. १९५३ पर्यंत ३१०० मध्ये २१६ घनइंचाचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन येत असे. सुरुवातीला ताकद ९० अश्वशक्ती. मुख्य बेअरिंगना तेल पंपाच्या दाबाने मिळतं, पण कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना तसं नाही. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, तेलाच्या पन्हळी असतात, रॉडच्या टोपीला छोटी पळी असते. कमी वेगात पळी पन्हळीतलं तेल उचलते. वेग वाढला की चेंबरमधल्या नळ्यांतून सुटणारी तेलाची धार पळीवर आपटते आणि बेअरिंगला तेल पोहोचतं. त्या धारेचा नेम अचूक असणं हे या इंजिनाचं जीवन आहे. कोणीतरी चेंबरखाली जॅक लावून गाडी उचलली, चेंबर थोडा चेपला, नळी जराशी वाकली की एका रॉडचं तेल तुटतं. मग ठकठक सुरू होते आणि लोक म्हणतात, इंजिनच कमकुवत. म्हणून चेंबरवर जॅकच्या खुणा आहेत का ते बघा. चेंबर उतरवाल तेव्हा पन्हळी आणि नळ्या साफ करा आणि नेम मापाने तपासल्याशिवाय परत चढवू नका.

तेलाच्या दाबाचा काटा बघून घाबरू नका. या इंजिनाचा मापक फक्त ३० पौंडांपर्यंतचा आहे आणि चालत्या गाडीत १४ पौंडांच्या आसपास दाब दिसणं ठीक आहे. रॉडची बेअरिंग ओतीव बॅबिटची, म्हणजे मऊ मिश्रधातूची असतात, बदलता येणाऱ्या शेलची नव्हेत. थोडी झीज असेल तर टोपीखालच्या पातळ पत्र्या काढून फट कमी करता येते. बॅबिट फुटला असेल तर रॉड नव्याने ओतून घ्यावे लागतात आणि ते काम करणारे कारागीर आता कमी उरले आहेत. टॅपेटची फट इंजिन गरम असताना लावा: इनलेट ०.००६ इंच, एक्झॉस्ट ०.०१३ इंच. फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४. बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीत थेट आधुनिक डिटर्जंट तेल ओतू नका. चेंबरमधला जुना गाळ सुटून नळ्यांत अडकतो. आधी चेंबर साफ, मग हवं ते तेल.

१९५४ पासून आलेल्या २३५ इंजिनात रॉडनाही दाबाने तेल मिळतं, म्हणून २१६ काढून १९५४ ते १९६२ मधलं २३५ बसवणं हा सगळ्यांत समंजस बदल. विकणारा ‘२३५ आहे’ म्हणाला की स्वतः ओळखा: २१६ चं वरचं टॅपेट-झाकण मधल्या दोन नटांनी धरलेलं असतं आणि बाजूचं झाकण उंच, प्लगच्या भोवती जाणारं असतं. १९५४ नंतरच्या २३५ मध्ये वरच्या झाकणाला कडेने चार बोल्ट असतात आणि बाजूचं झाकण बुटकं. बसवताना दोन गोष्टी अडतात. १९५५ नंतरचा पाण्याचा पंप वेगळा असल्यामुळे पंखा रेडिएटरला भिडतो; जुना छोटा पंप बसवण्यासाठी मध्ये घालायची प्लेट मिळते, ती घ्या. दुसरं, ६ व्होल्टच्या फ्लायव्हीलला १३९ दात आणि १२ व्होल्टच्याला १६८. सेल्फ आणि फ्लायव्हील जोडीचेच हवेत. ही चूक झाली की दात पहिल्याच आठवड्यात भुगा होतात.

मागचं डिफरन्शियल ४.११ गुणोत्तराचं आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.११ फेरे. २९ इंची टायरवर ताशी ६० मैलांना इंजिन साधारण २,८५० फेरे घेतं, आणि पळीने तेल उचलणाऱ्या इंजिनाला तासन्‌तास तसं पळवणं बरं नव्हे. ५० मैलांपर्यंत ही गाडी सुखात असते. हायवेला जायचंच असेल तर ३.५५ चा क्राउन-पिनियन संच मिळतो. तेवढ्याच वेगाला फेरे २,४७० च्या आसपास येतात. १९५४ पर्यंत अर्ध्या टनाच्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट बंद नळीत असतो. गिअरबॉक्समागच्या गोळ्याजवळचं सील झिजलं की गिअरबॉक्सचं तेल त्या नळीतून थेट डिफरन्शियलमध्ये उतरतं. गिअरबॉक्स सारखा रिकामा होतो, खाली जमिनीवर थेंब नाही, आणि मागचे ब्रेक-लायनर मात्र तेलाने भिजलेले, अशी तक्रार असेल तर कारण हेच. डिफरन्शियलच्या भरण्याच्या बोल्टमधून तेल बाहेर सांडलं की खात्री झाली.

हक ब्रेक असलेली १९५० पर्यंतची गाडी घेतली तर त्यांचे भाग शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा १९५१ नंतरचा बेंडिक्सचा संपूर्ण संच, बॅकप्लेट-ड्रमसकट, बसवा. मास्टर सिलिंडर एकच आणि एकाच वाटेचा आहे. एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात, म्हणून दोन वाटांचा मास्टर सिलिंडर मी प्रत्येकाला सुचवतो. तो फरशीखाली, चाकांच्या पातळीपेक्षा खाली बसतो. त्यामुळे डिस्क ब्रेक लावलेत तर त्या वाटेत २ पौंडांचा आणि ड्रमच्या वाटेत १० पौंडांचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह, म्हणजे नळीत थोडा दाब राखून ठेवणारी झडप, घालावाच लागतो. नाहीतर तेल मागे ओघळतं आणि पहिल्या दाबाला पेडल फरशीला टेकतं.

६ व्होल्टची यंत्रणा वाईट आहे असं म्हणणाऱ्यांच्या गाडीत बहुतेक वेळा १२ व्होल्टच्या गाडीच्या बारीक केबल लावलेल्या असतात. डबल झीरो जाडीच्या केबल वापरा, इंजिन ते चेसिस अर्थची पट्टी रंग खरवडून लावा, आणि सेल्फ नीट फिरतो.

संग्रहमूल्याचा प्रश्न उरतो. पुढचं अ‍ॅक्सल कापून स्वतंत्र सस्पेन्शन बसवलेल्या, व्ही-८ घातलेल्या गाड्या भरपूर आहेत आणि त्यांना गिऱ्हाईकही आहे. पण त्यांची किंमत काम करणाऱ्याच्या हातावर ठरते, आणि ते काम आतून दिसत नाही. मूळ चेसिस न कापलेली, मूळ पाट्यांच्या स्प्रिंगवर उभी, पूर्ण गाडी दर वर्षी दुर्मिळ होते आहे. माझा आग्रह एवढाच: जे बदलाल ते बोल्टने बदला, गॅस-कटरने नको, आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून ठेवा. हौद्याच्या फळ्या मूळच्या पाइनच्या, साध्या रंगाच्या होत्या. चकचकीत वॉर्निश केलेला ओक देखणा दिसतो, पण तो कारखान्याचा नव्हे.

आपल्याकडचा धागाही खरा आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली आणि १९५४ मध्ये ते काम थांबवलं. म्हणजे या मालिकेची बरीचशी वर्षं त्या काळात येतात. महाराष्ट्रात असा सांगाडा हाती लागला तर तो उजव्या स्टिअरिंगचा असणार. अमेरिकेतून जाळी, मडगार्ड, इंजिनाचे भाग चालतील, पण स्टिअरिंग बॉक्स आणि पेडलची जोडणी अमेरिकन गाडीची चालणार नाही. ती मूळचीच जपा.

शेवटी कागद. त्या काळी अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत नोंदणी इंजिन क्रमांकावर होत असे. इंजिन बदललं, कागद तेच राहिले, आणि आज दोन्ही जुळत नाहीत. चालकाच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावरची क्रमांकाची पट्टी आधी बघा. तिच्यावरच्या अक्षरांवरून सालही कळतं: १९५१ ला जेपी, १९५२ ला केपी. पट्टीचे रिबिट नवे दिसले किंवा पट्टीच नसली तर आधी तुमच्या राज्याच्या मोटार वाहन खात्यात हाच क्रमांक नोंदवून मिळेल का ते विचारा आणि उत्तर हातात आल्यावरच विसार द्या.